उघड्या तोंडाची झोळी

दूरच्या पदयात्रेस निघण्याचा निश्चय एकदा झाला म्हणजे मनुष्याचा पहिला झगडा सुरू होतो तो पिशवीशी. काय घ्यावे, काय घरी ठेवावे? प्रार्थना, आप्तेष्टांचा निरोप, मागे राहणाऱ्या कामांची व्यवस्था ह्या गोष्टी त्या मानाने लवकर उरकतात. परंतु दोन सदरे पुरतील की तिसरा घ्यावा, ह्या प्रश्नापाशी चांगले विचारी लोकही आठ आठ दिवस अडून बसतात. हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. प्रभू येशूने बारा जणांना प्रथम बाहेर पाठविले त्या प्रसंगाचे मार्काने केलेले वर्णन वाचून पाहावे. त्यांनी लोकांना काय सांगावे ह्याविषयीची आज्ञा मार्काने तेथे नोंदलेली नाही. नोंदली आहे ती सामानाविषयीची (मार्क ६:८-९).

विचाराला आधार म्हणून मी येथे सांतियागोच्या वाटेचे उदाहरण घेतो. स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला हे नगर आहे. सांतियागो म्हणजे संत याकोब; जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, हेरोदाने ज्याचा तलवारीने वध करविला तो (प्रेषितांची कृत्ये १२:२). त्याच्या अस्थी ह्या नगरात आहेत अशी श्रद्धा नवव्या शतकापासून चालत आली आहे. इतिहासकारांना ती मान्य होईलच असे नाही, आणि प्रस्तुत विषयाला त्या वादाची गरजही नाही. वसईकडील आगाशीचे चर्च ह्याच संताच्या नावाचे आहे, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना तो परका नाही. युरोपातून अनेक वाटा त्या नगराकडे जातात. त्यांतली सर्वांत गजबजलेली वाट फ्रान्सच्या हद्दीतील सें-जां-पिए-द-पोर ह्या गावातून निघते, पहिल्याच दिवशी पिरेनीज पर्वतावर १,४०० मीटरांहून अधिक उंची गाठते, आणि सुमारे ७८० किलोमीटरांनी याकोबाच्या कबरीपाशी पोचते. रोज २०-२५ किलोमीटर चालणाऱ्यास महिना-पस्तीस दिवस लागतात. १९९३ च्या पवित्र वर्षी यात्रा पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या सुमारे १ लाख होती. २०२४ साली ती ५ लाखांच्या जवळ पोचली.

इतके लोक चालून गेल्यावर त्या वाटेवर अनुभवाचे एक शास्त्रच तयार झाले आहे. पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या एकदशांशाहून अधिक असू नये, हा त्यातला पहिला नियम. ६० किलोच्या मनुष्याने ६ किलो वाहावे. आणि त्या सहांत पाण्याचाही एक किलो धरावा, कारण एक लिटर पाणी एक किलोच भरते, तेथे कोणाची युक्ती चालत नाही. (दशांश हा शब्द आपल्या मंडळ्यांना वेगळ्या संदर्भात परिचित आहे. देण्याचा दशांश आणि वाहण्याचा दशांश ह्यांत काही नाते असावे, असे मला पुष्कळदा वाटते.) कपड्यांचे दोन जोड पुरेत: एक अंगावर, एक सॅकमध्ये. मुक्कामी पोचताच घामाचा जोड धुऊन दोरीवर टाकावयाचा. सकाळपर्यंत मोजे वाळले नाहीत तर सेफ्टी पिनांनी ते सॅकला टाचून उन्हात चालता चालता वाळवावयाचे. एक पातळ स्लीपिंग बॅग, पावसासाठी अंगावरून सॅकसकट ओढून घेण्याचे एक आवरण, साबणाची एकच वडी, अंगाला तीच आणि कपड्यांनाही तीच. जोडे नेहमीपेक्षा थोडे मोठे घ्यावे, कारण रोजच्या चालण्याने पाय सुजतात. पायाला फोड येतो तो ओलावा, उष्णता आणि घर्षण ह्या तिघांच्या संगनमताने. पाठीवरचा प्रत्येक जादा किलो पावलागणिक त्या तिघांना मदत करीत असतो. ७८० किलोमीटर म्हणजे सुमारे १० लाख पावले. घरी हातात घेतले तेव्हा हलके वाटलेले जाडसे पुस्तक दहा लाख वेळा उचलावे लागणार आहे, हा हिशेब पिरेनीजच्या चढावर कोणी न सांगता समजतो.

म्हणूनच सुरुवातीच्या मुक्कामांवरील धर्मशाळांत मागे सोडलेल्या वस्तू साचत जातात. स्पेनच्या टपाल खात्याने तर ह्या पश्चात्तापाचीही सोय करून ठेवली आहे. नकोसे झालेले सामान पार्सल करून पुढे सांतियागोस धाडता येते आणि यात्रेच्या शेवटी परत मिळते. हे सामान जरा न्याहाळून पाहावे. जाड स्वेटर, कदाचित थंडी पडेल म्हणून. औषधांचा मोठा डबा, कदाचित आजारी पडू. एक चांगला सदरा, कदाचित कोणी भेटेल. त्या वाटेवर असे म्हणतात की प्रत्येक यात्रेकरू आपली भीती पाठीवर घेऊन चालत असतो, आणि त्यात पुष्कळ तथ्य आहे. वस्तू टाकावयास मनुष्य तयार होतो, पण त्या वस्तूला चिकटलेले ‘कदाचित’ सहजासहजी सुटत नाही.

तथापि सर्वच भीतीला अश्रद्धा म्हणता येणार नाही. कार्रियोन दे लोस कोंदेस ह्या गावापुढे १७ किलोमीटरपर्यंत एकही गाव नाही. सपाट पठार, उन्हाळ्यात सावलीचा पत्ता नाही. तेथे पाणी न घेता निघणाऱ्यास श्रद्धावान म्हणावयाचे की अविचारी? उलट दुसऱ्या टोकाला असेही लोक आहेत जे वजन वाचविण्यासाठी दातांच्या ब्रशाची दांडी कापून टाकतात. ग्रॅम ग्रॅम मोजणारा हा मनुष्य मला लोभी सावकाराचा सख्खा भाऊ वाटतो. एकाला साठविण्याची चटक, दुसऱ्याला कमी करण्याची, आणि दोघांचेही ध्यान रात्रंदिवस वस्तूंतच. शिवाय अतिशय हलक्या सॅका आणि हलके तंबू पुष्कळ महाग असतात. हलकेपणही विकत घेता येते, हे आपल्या काळाचे एक वैशिष्ट्यच म्हटले पाहिजे.

आता शास्त्राकडे वळू. प्रभूची आज्ञा कठोर आहे: भाकरी नको, झोळी नको, कमरेला पैसा नको, दोन अंगरखे नकोत. मार्काच्या वृत्तांतात काठीची आणि पायांतील वहाणांची मुभा आहे. मत्तयाच्या (१०:१०) आणि लूकाच्या (९:३) वृत्तांतात काठीसुद्धा नाही. तीन शुभवर्तमानांतला हा फरक टीकाकारांनी पुष्कळ चघळला आहे. मला तो मनुष्यस्वभावाला धरून वाटतो, कारण सामानाच्या यादीवर आजवर कोणत्या दोन प्रवाशांचे एकमत झाले आहे? अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे आहे. अखेरच्या रात्री प्रभू शिष्यांना त्या पहिल्या प्रवासाची आठवण देऊन विचारतो, तेव्हा तुम्हाला काही उणे पडले काय? ते म्हणतात, काही नाही. आणि लागलीच तो त्यांना सांगतो की आता मात्र ज्याच्याजवळ पिशवी आहे त्याने ती घ्यावी, झोळीही घ्यावी (लूक २२:३५-३६). म्हणजे झोळी न घेणे हा सर्वकाळचा नियम नव्हता. पहिल्या प्रवासात शिष्य ज्या गावांत जात होते तेथे त्यांच्यासाठी एखादे तरी दार उघडणार होते. त्या रात्रीनंतर दारे मिटणार होती. काय बरोबर घ्यावे हे ठरविताना आपली श्रद्धा किती मोठी हे पाहावयाचे असते, तसेच पुढच्या गावात आपल्याला कोण घरात घेईल, हेही पाहावयाचे असते. बिनझोळीच्या प्रवाशामागे झोळीचे काम करणारे एखादे घर असावेच लागते.

ज्या झोळीला प्रभूने मनाई केली तिच्यासाठी मूळ ग्रीक शास्त्रात ‘पेरा’ हा शब्द आहे. जुन्या लॅटिन भाषांतरातही तोच राहिला. आणि मौज अशी की मध्ययुगात यात्रेकरू निघावयाच्या दिवशी चर्चमध्ये येई, तेव्हा धर्मगुरू त्याच्या हाती आशीर्वाद देऊन ज्या दोन वस्तू सोपवीत असे त्या म्हणजे काठी आणि हीच ‘पेरा’. शिष्यांना जी वर्ज्य ती यात्रेकरूंच्या गळ्यात ख्रिस्तसभेने स्वतः घातली! ह्याचे समर्थन त्या काळच्या लोकांनी कसे केले असेल?

त्याचे उत्तर एका जुन्या प्रवचनात सापडते. सांतियागोच्या कॅथीड्रलमध्ये बाराव्या शतकातील ‘कॉडेक्स कॅलिक्स्टिनस’ नावाचा हस्तलिखित ग्रंथ जपलेला आहे. (२०११ साली तो चोरीस गेला होता आणि वर्षभराने, कॅथीड्रलमध्ये पूर्वी कामास असलेल्या एका इलेक्ट्रिशियनच्या गॅरेजात सापडला. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध पदयात्रेचा ग्रंथ वर्षभर जुन्या सामानात पडून होता.) ह्या ग्रंथातील एक दीर्घ प्रवचन यात्रेकरूंना लुबाडणाऱ्या खाणावळवाल्यांवर कडाडून तुटून पडते आणि यात्रेकरूंनाही सोडत नाही, गाठीला पैसा बांधून ठेवून वाटेत मरणारा खऱ्या यात्रेकरूंच्या संगतीतून बाहेर पडला, असे ते बजावते. त्यातच काठीचा आणि झोळीचा अर्थ सांगितला आहे. झोळी कशी असावी? ती अरुंद असावी, कारण यात्रेकरूने थोडीच शिदोरी घ्यावी आणि बाकीची भिस्त प्रभूवर टाकावी. ती मेलेल्या जनावराच्या कातड्याची असावी, कारण यात्रेकरूने आपल्या देहाच्या वासना मारल्या पाहिजेत. आणि तिच्या तोंडाला बंद नसावा. ते सदा उघडे असावे, कारण जे काही आहे त्यातून त्याने गरिबाला द्यावे आणि देण्यास व घेण्यास नेहमी सिद्ध असावे.

ह्या तिसऱ्या खुणेने मला पुष्कळ विचार करावयास लावले. झोळी लहान असावी हे कोणीही शहाणा प्रवासी सांगेल. परंतु तिचे तोंड उघडे असावे हे प्रवासशास्त्राच्या दृष्टीने शुद्ध वेडेपण आहे. वस्तू पडतील, पाऊस शिरेल, चोराचा हात जाईल. त्या प्रवचनकाराला हे कळत नव्हते असे नाही, कारण चोरांविषयी त्याने पुष्कळ लिहिले आहे. तरीही त्याने उघडे तोंड मागितले. लहान पण बंद झोळी घेऊन चालणारा मनुष्य हलका असेल. तो कोणाला काही देणार नाही आणि कोणाकडून काही घेणारही नाही. आपल्यापुरते सर्व आपल्यापाशी आहे आणि आपण कोणाला भार नाही, ह्या समाधानात तो चालेल. हे समाधान फार आकर्षक आहे, आणि माझ्या मते त्यात एक असत्य दडलेले आहे.

ते असत्य असे, की आपण जे घेतले नाही त्याचे वजन नाहीसे झाले असे हा मनुष्य समजतो. वस्तुतः ते दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर गेलेले असते. यात्रेकरूने तंबू आणला नाही, कारण वाटेवर धर्मशाळा आहे. तेथे रोज सकाळी कोणीतरी केर काढतो, संडास धुतो आणि दुपारी नव्या लोकांसाठी दार उघडतो. अनेक ठिकाणी पूर्वी ही यात्रा करून गेलेलेच लोक पंधरा पंधरा दिवस येऊन हे काम विनावेतन करतात. नदी ओलांडण्याची चिंता नाही, कारण पूल आहे. आणि तो पूल कोणी बांधला ह्याची आठवण त्या वाटेने आस्थेने ठेवली आहे. ओखा नदीकाठचा दोमिंगो, जो ११०९ साली वारला, त्याने जन्मभर यात्रेकरूंसाठी रस्ता केला, पूल बांधला, आश्रयगृह उभारले. आज त्याच्या नावाचे गावच आहे, आणि ‘रस्त्याचा संत दोमिंगो’ ही त्याची ओळख आहे. दोमिंगोने धोंडे वाहिले म्हणून पुढची नऊशे वर्षे यात्रेकरू मोकळ्या हातांनी चालत आहेत.

आपल्या महाराष्ट्रातील वारी पाहिलेल्यास हे वेगळे सांगावयास नको. आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्या वारकऱ्याच्या खांद्याला एखादी लहान पिशवी असते. पण दिंडीचे तंबू, अंथरुणे, धान्य आणि मोठमोठी पातेली ट्रकांतून पुढे गेलेली असतात, आणि मंडळी मुक्कामास पोचण्यापूर्वी चुली पेटविणारे हात तेथे कामाला लागलेले असतात. वारकरी हे लपवीत नाही. दिंडी सर्वांची आहे, ट्रकही दिंडीचाच आहे. सांतियागोच्या वाटेवर आता सॅक मोटारीने पुढच्या मुक्कामास पोचविण्याची सोय आहे, आणि तिच्यावरून कडवे यात्रेकरू नाके मुरडतात. मला त्या नाके मुरडण्यात अर्थ दिसत नाही. गुडघा दुखणाऱ्या वृद्ध बाईने सॅक मोटारीने पाठविली तर तिचे ओझे कोठे गेले हे तिला ठाऊक असते, तिने त्याचे भाडे मोजलेले असते. परंतु धडधाकट तरुण सॅक स्वतः वाहतो आणि त्यामुळे आपण कोणाचे ऋणी नाही असे समजतो, त्याचा हिशेब अधिक चुकलेला आहे.

खुद्द याकोबाचेच पाहा. ज्याच्या कबरीकडे ही सर्व हलक्या ओझ्याची माणसे चालली आहेत, तो स्वतः कसा निघाला? प्रभूने हाक मारली तेव्हा तो व योहान तारवात जाळी नीट करीत होते. ते तत्काळ निघाले. आणि मार्क त्यात एक लहानशी नोंद करतो, की आपला बाप जब्दी ह्याला त्यांनी मोलकऱ्यांसह तारवात सोडले (मार्क १:२०). आपण उपदेशांत नेहमी त्या दोघा भावांच्या पावलांकडे पाहतो. तारवाकडे वळून कोणी पाहत नाही. त्या दिवशी अर्धवट शिवलेली जाळी कोणी पुरी केली? दुसऱ्या दिवशी पहाटे तारू पाण्यात कोणी लोटले? मोलकरी होते एवढाच दिलासा मार्काने दिला आहे, आणि त्याने तो मुद्दाम दिला असावा असे मला वाटते. आज्ञापालन योग्यच होते. पण ते फुकट झाले नाही, आणि त्याची किंमत एकट्या याकोबाने मोजली नाही. पुढे लूकही सांगतो की गावोगाव फिरणाऱ्या प्रभूचा आणि बारा जणांचा खर्च मग्दालीया मरीया, खुजाची पत्नी योहान्ना, सूसान्ना आणि आणखी पुष्कळ स्त्रिया आपल्या द्रव्यातून चालवीत असत (लूक ८:१-३). शुभवर्तमानातील झोळी उघडी होती, आणि तिच्यात हात घालणाऱ्या व्यक्तींची नावेही लिहून ठेवलेली आहेत.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत ह्याचे सर्वांत प्रामाणिक चित्र लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ मध्ये रेखाटले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. मागणाऱ्याला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. १९१७ साली तर त्यांनी मिशनचे वेतनही सोडले आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभा करण्यास निघाले. त्यांचे ते हलके होणे खरे होते, त्यात दंभाचा लवलेश नव्हता. पण घरातली चूल, मुलेबाळे, आश्रयाला आलेली माणसे, उद्याची भाजी ह्यांचे वजन कोणी उचलले हे लक्ष्मीबाईंच्या पानापानांतून दिसते. त्या तक्रार करतात, हसतात, पुन्हा उचलतात. ते पुस्तक वाचून टिळकांचा मोठेपणा कमी होत नाही. परंतु त्या मोठेपणाला दोघांची पाठ लागली होती, हे कळते.

येथे एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. थोडके सामान घेऊन चालणे हे ज्याला व्रत म्हणून स्वीकारता येते त्याच्यापाशी बहुधा घरी कपाट भरलेले असते. ज्याचे सर्व घरच एका बोचक्यात मावते त्याला हा उपदेश कोण करणार? २०२० सालच्या टाळेबंदीत हजारो मजूर आपापल्या गावी पायी निघाले. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, कडेवर मूल, हातात पाण्याची बाटली. ते सर्व काही बरोबर नेत होते, कारण मागे ठेवावयास जागा नव्हती आणि पुढे घर उघडे मिळेल ह्याचा भरवसा नव्हता. जालन्याहून भुसावळकडे निघालेली अशीच एक तुकडी तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ थकून रेल्वेच्या रुळांवर झोपली. ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली त्यांतील १६ जण मृत्यू पावले. त्यांनी वाटेसाठी घेतलेल्या पोळ्या रुळांवर विखुरल्या होत्या. ती छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वाटेसाठी भाकरी घेऊ नका, हे वचन त्या रुळांपाशी उभे राहून वाचण्याचे धैर्य माझ्यात नाही. ते वचन त्यांच्यासाठी नव्हतेच. ज्या गावांवरून ते गेले त्या गावांतील दारांसाठी, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी, त्याच अध्यायात पुढे दुसरे वचन आहे: जे गाव तुमचा स्वीकार करणार नाही तेथील धूळ पायांची झटकून टाका.

गलतीकरांस लिहिताना पौल एकाच अध्यायात दोन गोष्टी सांगतो, आणि त्या परस्परविरुद्ध भासतात. एकमेकांची ओझी वाहावी (६:२). आणि तीनच वचनांनंतर, प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा (६:५). मूळ ग्रीकमध्ये तेथे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे दडपून टाकणारे वजन. दुसरा ‘फोर्तिओन’, ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेला भार. माझे ओझे हलके आहे असे प्रभू म्हणतो (मत्तय ११:३०), तेथेही हाच शब्द आहे. म्हणजे प्रभू आपल्या अनुयायाची पाठ अगदी मोकळी करीत नाही. वाहता येईल असा भार तो तिच्यावर ठेवतो. ह्या दोन शब्दांची अदलाबदल झाली की अनर्थ होतो. आपला फोर्तिओन दुसऱ्यावर लोटणारा आळशी ठरतो, हे सर्वांना दिसते. परंतु आपला बारोस कोणाला न दाखविता एकटाच वाहणाऱ्यास आपण स्वाभिमानी म्हणतो, मंडळीत त्याची वाखाणणी करतो, आणि तो कोसळल्यावर मग अंत्यविधीच्या वेळी हळहळतो. आपल्या ख्रिस्ती घरांत कर्ज, व्यसन, मनाचा आजार ही ओझी किती वर्षे बंद झोळीत वाहिली जातात, हे प्रत्येक पाळकाला ठाऊक आहे. त्या झोळीचे तोंड उघडणे ही घेणाऱ्याची नम्रता आहे, आणि देण्यापेक्षा ती पुष्कळांना जड जाते.

सांतियागोच्या वाटेवर ह्या दोन्ही प्रकारच्या ओझ्यांना जागा आहे. फोन्सेबादोनच्या पुढे, सुमारे १,५०० मीटर उंचीवर, एका उंच लाकडी खांबाच्या टोकाला लोखंडी क्रूस आहे आणि त्याच्या पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग. यात्रेकरू घरून आणलेला दगड तेथे ठेवतात. जी माणसे साबणाच्या वडीचेही वजन पाहतात ती पाचशेहून अधिक किलोमीटर एक निरुपयोगी धोंडा खिशात वाहून आणतात! कोणाचा दगड मेलेल्या मुलासाठी असतो, कोणाचा मोडलेल्या संसारासाठी. पुष्कळांचा कशासाठी असतो हे ते सांगत नाहीत. दशांशाच्या नियमात तो कोणी धरीत नाही.

आणि त्याच्या बरेच अलीकडे, दोमिंगोच्या गावापासून थोड्याच अंतरावर, ग्रान्योन येथे चर्चच्या जुन्या बुरुजात यात्रेकरू जमिनीवर गाद्या टाकून झोपतात. संध्याकाळी सर्व मिळून स्वयंपाक करतात, एकत्र जेवतात. राहण्याचा दर ठरलेला नाही. एक पेटी ठेवलेली आहे. जमेल ते टाकावे आणि गरज असेल तर त्यातून घ्यावे, अशा आशयाची सूचना तिच्यावर आहे. तिला कुलूप नाही, झाकण उघडेच असते. रात्री कोणी टाकले आणि कोणी काढले, ह्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

पौल स्वतः मोठा प्रवासी. समुद्र, डोंगर, तुरुंग, सर्व त्याने पाहिले. आयुष्याच्या शेवटी तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात, लढाई आणि धाव ह्यांविषयीच्या त्या थोर वाक्यांनंतर थोड्याच ओळींनी, तो सामानाकडे वळतो. त्रोवस येथे कार्पाकडे राहिलेला झगा येताना घेऊन ये, पुस्तके आण, आणि चर्मपत्रे तर अवश्य आण (२ तीमथ्य ४:१३). हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर, असेही तो पुढे लिहितो. म्हणजे त्याला थंडी वाजत होती, किंवा वाजेल अशी भीती होती. ज्याच्या घरी तो झगा इतके दिवस खुंटीला होता त्या कार्पाचे नाव पवित्र शास्त्रात ह्याखेरीज कोठेही आलेले नाही. झगा वेळेवर पोचला की नाही हे आपल्याला सांगितलेले नाही. पण तीमथ्याला तो लांबच्या प्रवासात, चर्मपत्रांच्या वजनासह, आपल्या खांद्यावरूनच न्यावयाचा होता.